पहिल्या दिवसाची वाटणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी लहान होतो. पंचांनी दोरीने माप घेतले, मधोमध विटांची भिंत उभी राहिली आणि अब्बा व चाचा या दोघांना तीन-तीन खोल्या मिळाल्या. काही वर्षांनी चाचांची मुले नोकरीसाठी बाहेरगावी गेली, त्यांच्याकडच्या दोन खोल्यांना कुलूप लागले. आमच्याकडे मात्र पाच भावंडे एका खोलीत झोपत होती. भांडण कोणाचेच नव्हते. भिंत पहिल्याच दिवशी घातली गेली होती आणि ती पाडायची तर दोन्ही घरे रिकामी करावी लागली असती.

पुढे सर्व्हरच्या खोल्यांमध्ये नोकरी करू लागलो, तेव्हा ही भिंत पुन्हा भेटली. तिथे तिला पार्टिशन म्हणतात. युनिक्सच्या डिस्कवर ती कशी आली आणि ती सरकवता यावी म्हणून निघालेले ‘व्हॉल्यूम मॅनेजर’ नावाचे सॉफ्टवेअर बसवताना भल्याभल्यांना घाम का फुटत असे, तो हा इतिहास.

डेनिस रिची आणि केन थॉम्पसन या बेल लॅब्सच्या दोघांनी १९७४ साली युनिक्सवरचा आपला प्रसिद्ध लेख छापला. त्यात त्यांच्या यंत्राचे वर्णन आहे. एक एमबीची एक स्थिर डिस्क, अडीच एमबीच्या काढता-घालता येणाऱ्या चार आणि चाळीस एमबीची एक मोठी. आजच्या मोबाइलमधला एक फोटो त्या अडीच एमबीत मावेल न मावेल. जागा इतकी तोकडी की एका डिस्कवर सगळे बसणे शक्यच नव्हते. म्हणून युनिक्सने एक सुंदर युक्ती काढली : दुसरी डिस्क पहिल्या डिस्कवरच्या एखाद्या फोल्डरच्या जागी जोडायची. याला ‘माउंट’ करणे म्हणतात. वापरणाऱ्याला सगळे एकच झाड दिसते, फांदी कुठल्या डिस्कवर आहे याची त्याला गरज नसते. पण आत खोलवर एक गोष्ट पक्की होऊन बसली. फाइलींचा एक संच म्हणजे डिस्कचा एक तुकडा, आणि तो तुकडा म्हणजे सलग जागा.

मग डिस्क मोठ्या झाल्या आणि उलटा प्रश्न आला. आता एका डिस्कचे तुकडे करायचे होते. बर्कलेच्या युनिक्समध्ये ‘ए’ ते ‘एच’ असे आठ तुकडे ठरलेले असत आणि त्यांची मापे अनेक वर्षे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच कोरलेली होती. मापे बदलायची तर कर्नल नव्याने बांधा! मापे त्या-त्या डिस्कवरच लिहून ठेवण्याची सोय १९८८च्या आवृत्तीत आली. सन कंपनीच्या सोलारिसमध्येही शून्य ते सात अशा आठच चकत्या.

सर्व्हर बसवणाऱ्याला पहिल्याच दिवशी भविष्य सांगावे लागे. मूळ प्रणालीला किती, स्वॅपला किती, लोकांच्या फाइलींना किती, आणि मेल, छपाईची रांग, नोंदी ज्यात साठतात त्या ‘व्हार’ला किती. अंदाज हमखास चुके. ‘व्हार’ तुडुंब भरे आणि छपाई थांबे, शेजारचा तुकडा मात्र अर्धा रिकामा पडलेला. इलाज एकच. रविवारी सगळ्यांना बाहेर काढायचे, सारे टेपवर उतरवायचे, तुकडे नव्याने पाडायचे, टेपवरून परत चढवायचे आणि टेप मधेच अडकू नये म्हणून दुआ करत बसायचे. शिवाय एका डिस्कपेक्षा मोठा तुकडा होऊच शकत नसे, आणि डिस्क मेली की त्यावरचे सगळे गेले. १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या तिघांनी स्वस्त डिस्क एकत्र बांधून मोठ्या, महाग डिस्कचे काम घेण्याचा प्रबंध मांडला. रेड हा शब्द तिथून रूढ झाला. डिस्क आणि फाइली यांच्यामध्ये एक दलाल हवा, हे तोवर अनेकांना पटले होते.

आयबीएमने तो दलाल थेट प्रणालीतच बसवला. १९९० साली आलेल्या एआयएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या छोट्या ठोकळ्यांचा साठा होता. चार एमबीचा ठोकळा हे नेहमीचे माप. फाइलींना जे ‘व्हॉल्यूम’ दिसे, ती प्रत्यक्षात एक यादी असे : पहिला ठोकळा या डिस्कवरचा, दुसरा त्या डिस्कवरचा. जागा कमी पडली की यादीत ठोकळे वाढवा. प्रत्येक ठोकळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली की एक डिस्क मेली तरी काम चालू. विटांची भिंत वहीतली नोंद झाली. नुसती भिंत सरकवून भागत नाही, आतली फरशीही वाढवावी लागते. एआयएक्सची फाइलव्यवस्था चालू यंत्रावर वाढू शकत होती, म्हणून हे जमले.

पण मग ती वही कुठे ठेवायची? डिस्कवरच, आणि गटातल्या प्रत्येक डिस्कवर तिची प्रत. प्रतींत मतभेद झाला तर? आयबीएमने इथे सभेचा नियम लावला. निम्म्याहून जास्त प्रती हजर असतील तरच गट सुरू राहील. गणपूर्ती! गटात दोनच डिस्क असतील तर एकीवर दोन प्रती आणि दुसरीवर एक. म्हणजे दोन प्रतींची डिस्क गेली की दुसरी ठणठणीत असूनही सभा बरखास्त. हा नियम न वाचता दोन डिस्कवर निर्धास्त राहिलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

एआयएक्स बसवताना हे सारे आपोआप होई. सनच्या यंत्रांवर तसे नव्हते. तिथे प्रणाली आधी, दलाल नंतर. तो पुरवणारी मुख्य कंपनी म्हणजे व्हेरिटास. तिचा जन्म टॉलरन्ट सिस्टिम्स या नावाने झाला, बंद न पडणारे संगणक बनवण्यासाठी. १९८९ साली तिने नाव बदलले आणि सॉफ्टवेअरवर लक्ष दिले. सनने तिचे व्हॉल्यूम मॅनेजर काही काळ स्वतःच्या नावाचा शिक्का मारून विकले. आपल्याशी तिचे नाते जवळचे आहे. तिचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते आणि डिस्क, प्लेक्स, सबडिस्क हे शब्द पुण्याच्या कितीतरी मराठी घरांत जेवणाच्या ताटावर बोलले गेले आहेत.

धोका कुठे होता ते आता सांगतो. प्रणाली ज्या डिस्कवर आधीच उभी आहे, तीच डिस्क दलालाच्या ताब्यात द्यायची, तीही आतला एक अक्षर न हलवता. याला ‘एन्कॅप्स्युलेट’ करणे म्हणत. दलालाला आपली वही ठेवायला डिस्कवर थोडी जागा लागे आणि आठ चकत्यांपैकी दोन मोकळ्या लागत. पहिल्या दिवशी कोणी आठही वापरून टाकल्या असतील तर तिथेच खेळ संपला. मोकळी जागा नसेल तर ती बहुधा स्वॅपच्या शेपटातून कापून घेतली जाई. शिवाय यंत्र सुरू होताना अगदी पहिल्या क्षणी दलाल जागा झालेला नसतो, म्हणून मूळ तुकडा जुन्या पद्धतीनेही वाचता आला पाहिजे आणि नव्या पद्धतीनेही. त्यासाठी दोन फाइलींत बदल होत, यंत्र बंद-चालू होई, आणि तेवढा वेळ खोलीत कोणी बोलत नसे.

बसवणारा प्रोग्रॅम प्रत्येक डिस्कबद्दल विचारत असे : एन्कॅप्स्युलेट की इनिशिअलाइझ? पहिल्याचा अर्थ ‘आहे ते सांभाळून घे’. दुसऱ्याचा अर्थ ‘पाटी कोरी कर’.

जानेवारी २०००. वायटूके सुखरूप पार पडल्याचे पेढे खाऊन चारच दिवस झाले होते. एका कारखान्याच्या सर्व्हरवर मी बुधवारी रात्री हे काम करत होतो. पहिली डिस्क व्यवस्थित ताब्यात आली. दुसरी नवी कोरी आहे असे मी समजून चाललो. डिस्कचे नाव कागदावरच्या यादीशी जुळवून पाहायला हवे होते, ते पाहिले नाही आणि पाटी कोरी केली. त्या डिस्कवर कामगारांच्या हजेरीच्या नोंदी होत्या. शेवटची टेप शनिवारची. चूक पूर्णपणे माझी होती. प्रोग्रॅमने विचारले होते, मी उत्तर दिले होते.

टाइमकीपर आणि दोन कारकुनांनी मस्टर उघडून चार दिवसांची हजेरी पुन्हा हाताने भरली. मी शेजारी बसून नावे वाचत होतो. सात तारखेचा पगार दहाला झाला. मधल्या दोन दिवसांत ईद होऊन गेली. त्या मस्टरमध्ये आमच्या मोहल्ल्यातली अकरा नावे होती. कोणी मला काही बोलले नाही, कारण कोणाला माहीतच नव्हते. टाइमकीपरने विषय कधीच काढला नाही.

तोवर लिनक्समध्येही हा दलाल आला होता. हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ साली एचपीच्या युनिक्समधल्या रचनेवरून प्रेरणा घेऊन ‘एलव्हीएम’ लिहिले आणि २००१च्या सुरुवातीला आलेल्या २.४ कर्नलमध्ये ते होते. आयबीएमच्या एका चमूने त्याच सुमारास सर्व काही एकाच छत्राखाली आणणारी मोठी रचना पुढे केली होती. कर्नलवाल्यांनी ती घेतली नाही. त्यांनी लहानसा पाया निवडला, आणि आयबीएमच्या चमूने २००२ साली आपला हट्ट सोडून त्याच पायावर काम करायचे ठरवले. केलेल्या कामावर पाणी सोडायला मोठे मन लागते. आपल्याकडच्या संस्थांमध्ये तेवढे मी पाहिलेले नाही. २००३च्या डिसेंबरमध्ये रेड हॅटने एलव्हीएम सांभाळणारी सिस्टिना ही कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर लिनक्स बसवताना व्हॉल्यूम आपोआप तयार होणे ही रोजची गोष्ट झाली.

सनच्या झेडएफएस चमूने त्याहून मूलभूत प्रश्न विचारला. यंत्रात मेमरीची नवी पट्टी घातली तर कोणी तिचे तुकडे पाडत बसत नाही, मग डिस्कचेच का? त्यांनी दलाल आणि फाइलव्यवस्था एकच करून टाकली. प्रश्न बिनतोड आहे. तरीही माझा जीव एलव्हीएमच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या एका साध्या निर्णयावर जडला आहे. तिने ती वही माणसाला वाचता येईल अशा साध्या अक्षरांत लिहिली. कुठला ठोकळा कुठल्या डिस्कवर, हे डोळ्यांनी वाचता येते, आणि प्रत्येक बदलाआधीची जुनी प्रतही फोल्डरमध्ये राहते.

नवा सर्व्हर उभा केला की मी ती फाइल कागदावर छापतो आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. बरोबरचे तरुण हसतात. खाली डिस्कचे क्रमांक लिहायला मी त्यांनाच सांगतो, प्रत्येक डिस्क बाहेर काढून, स्टिकर वाचून.