अठ्ठाविसाव्या दिवसानंतर कोण?

2020 सालचा गुढीपाडवा 25 मार्चला होता. त्याच्या आदल्याच दिवसापासून मिशिगनमध्ये 'घरीच राहा' हा गव्हर्नर ग्रेचन व्हिटमर यांचा आदेश लागू झाला होता. गुढ्या घरोघरी उभ्या राहिल्या, पण एकमेकांच्या घरी जाणे बंद झाले. तो आदेश आपण सगळ्यांनी पाळला. मात्र तो काढण्याचा अधिकार गव्हर्नरला कुठून मिळाला आणि किती दिवसांसाठी, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारले असेल. त्याचे उत्तर शोधायला 1943 सालच्या डेट्रॉईटपर्यंत मागे जावे लागते.

आधी एका शब्दाचा खुलासा. या लेखात मी मुद्दामच 'राज्यपाल' म्हटलेले नाही. भारतात राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मुख्यमंत्री पाहतात. इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा गाडाही तोच हाकतो. म्हणजे या भांडणात दोन्ही बाजू लोकांच्या मतांवर आलेल्या होत्या. 'तुम्हांला कोणी निवडले?' असे कोणीच कोणाला विचारू शकत नव्हते.

20 जून 1943 च्या रविवारी संध्याकाळी बेल आयलवर गोऱ्या आणि काळ्या लोकांत मारामारी सुरू झाली आणि रात्रीतून ती शहरभर पसरली. 34 माणसे गेली, त्यांतली 25 काळी होती. सोमवारी सकाळपासून सैन्याची मदत हवी होती, पण ती मागायची कशी, त्यासाठी लष्करी कायदा पुकारावा लागतो का, या गोंधळात गव्हर्नर हॅरी केली यांचा दिवस गेला. सैन्य रस्त्यावर उतरले तेव्हा रात्र झाली होती. लष्करी कायदा न पुकारता गव्हर्नरला झटपट पावले उचलता येतील, अशी काही सोय नव्हती.

ती सोय 1945 मध्ये झाली. त्या वर्षीच्या छोट्याशा कायद्याने गव्हर्नरला आणीबाणी जाहीर करण्याचा आणि जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटतील ते वाजवी आदेश काढण्याचा अधिकार दिला. तो किती दिवस चालेल, हे त्यात लिहिलेलेच नाही. मला वाटते, लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दंगल होती, आणि दंगल काही दिवसांत शमते. 1967 मध्ये डेट्रॉईट पुन्हा पेटले तेव्हा गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी संचारबंदी लावली, दारूविक्री थांबवली. काही दिवसांत ते सगळे उठले. मुदतीचा प्रश्न आलाच नाही.

1976 मध्ये विधिमंडळाने आपत्ती व्यवस्थापनाचा नवा, सविस्तर कायदा केला. त्यात मुदत होती. 2020 मध्ये ती 28 दिवसांची होती. पुढे वाढ हवी असेल तर दोन्ही सभागृहांची संमती लागे. पण याच कायद्यात एक कलम असेही घातले गेले की, 1945 च्या कायद्याखालच्या गव्हर्नरच्या अधिकाराला यामुळे बाधा येणार नाही. समोरच्या दाराला कुलूप लावायचे आणि मागचे दार उघडे ठेवायचे, असा हा प्रकार. 44 वर्षे त्या मागच्या दाराकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आपल्याकडेही असेच झाले. 1896 च्या मुंबईच्या प्लेगनंतर इंग्रजांनी 1897 मध्ये साथरोगांचा चार कलमांचा कायदा केला. रँड, चापेकर हे सगळे त्याच काळातले. तोच कायदा 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने बाहेर काढला. फोनवर आई-वडील पुण्यात ज्या निर्बंधांबद्दल सांगत होते आणि इथे मुलांची शाळा ज्यामुळे बंद होती, ते दोन्ही आदेश अशा जुन्या कायद्यांवर उभे होते.

10 मार्चला व्हिटमर यांनी आणीबाणी जाहीर केली होती. विधिमंडळाने ती 30 एप्रिलपर्यंत वाढवून दिली. विधिमंडळात रिपब्लिकनांचे बहुमत, गव्हर्नर डेमोक्रॅट. 30 एप्रिलला लॅन्सिंगच्या कॅपिटॉलमध्ये बंदुका घेतलेले निदर्शक शिरले, आणि आत विधिमंडळाने पुढची वाढ नाकारली. व्हिटमर यांनी त्याच रात्री नवे आदेश काढले. 1976 चा कायदा अडत असेल तर 1945 चा आहेच, ही त्यांची भूमिका होती.

2 ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. 1976 च्या कायद्याखालचा अधिकार 30 एप्रिललाच संपला, यावर सातही न्यायमूर्तींचे एकमत झाले. 1945 चा कायदाच घटनाबाह्य आहे, हे मात्र चार विरुद्ध तीन असे ठरले. न्या. स्टीफन मार्कमन यांच्या मते 'वाजवी' आणि 'आवश्यक' एवढ्या दोन शब्दांच्या आधारावर, मुदतीशिवाय, कायदे करण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती देता येत नाही. मुख्य न्यायमूर्ती ब्रिजेट मॅककॉर्मॅक यांचे म्हणणे होते की अशा शब्दांना न्यायालये आजवर पुरेसे मानत आली आहेत. मला यात मार्कमन यांची बाजू पटते, पण चारही जण रिपब्लिकन पक्षाने उभे केलेले आणि तिघे डेमोक्रॅटिक पक्षाने, हे विसरता येत नाही.

निकालानंतरही 1945 चा कायदा पुस्तकातून काढण्याची मोहीम चालूच राहिली. मिशिगनच्या घटनेनुसार पुरेशा मतदारांच्या सह्या असलेला प्रस्ताव विधिमंडळाने मंजूर केला तर तो मतदानाला जात नाही आणि गव्हर्नरला त्यावर नकाराधिकारही नसतो. सह्या हव्या होत्या 3,40,047. जमा केल्या पाच लाखांहून अधिक. जुलै 2021 मध्ये आधी सिनेटने आणि मग 21 तारखेला 60 विरुद्ध 48 मतांनी कनिष्ठ सभागृहाने तो मंजूर केला. कोविडचे सर्वसाधारण निर्बंध त्याआधी महिनाभर, 22 जूनला, उठले होते.

एक कोटी लोकवस्तीच्या राज्यात काही लाख सह्यांवर, गव्हर्नरला वगळून हे झाले, ही मला खटकणारी बाब आहे. मर्यादा हवी होतीच. पण लांबलेल्या साथीसाठी गव्हर्नर आणि विधिमंडळ यांनी एकत्र बसून नवा कायदा लिहिला असता तर बरे झाले असते. जुना फक्त खोडला गेला. आता 28 दिवस गव्हर्नरचे, त्यापुढे दोन्ही सभागृहांची मर्जी. सभागृहे वेगवेगळ्या पक्षांकडे असली तर एकोणतिसाव्या दिवशी काय, याचे उत्तर कागदावर नाही.

शिवाय ऑक्टोबर 2020 च्या निकालानंतर काही दिवसांतच मास्कचे आणि गर्दीवरचे आदेश पुन्हा आले होते. या वेळी सही राज्याच्या आरोग्य संचालकांची होती, 1978 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली. संचालकांना गव्हर्नर नेमतात. साथीत जमावबंदीचा अधिकार देणाऱ्या त्या कलमात 28 दिवसांसारखी मुदत नाही.