श्रेणीगुण सरासरी
श्रेणीगुण सरासरी : विषयांच्या श्रेयांकांचा भार धरून काढलेली श्रेणींची सरासरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दशमान श्रेणीपद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘बी’ला ६, तर अनुत्तीर्णास ० श्रेणीगुण असतात. संगणकप्रणाली प्रत्येक विषयाचे श्रेयांक व श्रेणीगुण यांचा गुणाकार करून त्यांच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागते. ४ श्रेयांकांच्या विषयात ‘ए प्लस’ व २ श्रेयांकांच्या विषयात ‘बी’ असल्यास (३६ + १२) ÷ ६ = ८.०० ही सत्र-सरासरी येते; साधी सरासरी ७.५ भरते. सर्व सत्रांची भारित सरासरी म्हणजे संचयी सरासरी. ‘मूडल’ या अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीत सरासरी काढताना गुणांची रिकामी नोंद वगळण्याची वा शून्य धरण्याची सोय आहे. न तपासलेला स्वाध्याय शून्य धरल्यास सरासरी नाहक घसरते. म्हणून रिकामी नोंद कशी धरली जाईल, हा नियम विद्यार्थ्यांना सत्रारंभीच सांगणे अगत्याचे ठरते.