गजावरची खूण

आमच्या माजघराच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या. त्यांवर ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असे आणि खालच्या तिसऱ्या खुंटीला चिवारीचा एक गज. बंदुकीच्या नळीखाली खोचलेला तिचा स्वतःचा गज होताच. हा आजोबांनी वेगळा करून घेतलेला. त्याच्यावर सुरीने कोरलेली एक खूण होती. ती कशाची, हे मला बारा वर्षांचा होईपर्यंत कळलं नव्हतं.

गाव कुडाळकडचं. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. खाली मळ्यात भात, वर वरकस जमिनीत नाचणी आणि तिच्या पलीकडे रान. भादव्यात दाणा भरायला लागला की रात्री डुकरं उतरायची. डुक्कर खातं थोडं, तुडवतं फार. सकाळी बघावं तर कुणग्यात कुणी गादी घालून झोपल्यासारखं भात आडवं. म्हणून दर घराआड एक माळा, माळ्यावर एक म्हातारा आणि परवाना असला तर त्याच्या मांडीवर ठासणीची बंदूक.

ठासणीचीच का? काडतुसाच्या बंदुका काय निघाल्या नव्हत्या? निघाल्या होत्या, पण त्या बंदूक आणि काडतूस दोन्ही बाजूंनी महाग. शिवाय कायद्यातच तशी वाट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना कुणाला द्यावा हे सांगताना पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला सरकारने ही बंदूक लिहून ठेवली, असंच म्हणा ना.

तिची कुळकथा मात्र जुनी. १८५७ साली ज्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती एनफिल्ड रायफलही तोंडाकडूनच भरायची होती. तिच्या नळीत आतून आटे होते. त्या आट्यांतून गोळी फिरत बाहेर पडते म्हणून सरळ जाते, आणि म्हणूनच ती शेकडो पावलांवर लागायची. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. नेम धरून लांब मारणं गोऱ्याकडे राहावं, हा हिशेब. पुढे १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागू झाला, गोऱ्याला त्यातून सूट. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण त्यांच्याही बंदुकीची नळी आतून गुळगुळीतच होती, आणि तिचा नेम किती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

माळ्यापासून पंचवीस पावलांवर एक फणस होता. फणसाच्या अलीकडे जनावर आलं तरच बार काढायचा. पलीकडे असलं तर कितीही मोठं असो, खाकरायचं आणि हाकलायचं. गुळगुळीत नळीतून छर्रे सुटले की पसरत जातात. गोळी घातली तरी ती नळीत सैल बसते, आणि कुठल्या बाजूला भरकटेल ते सांगता येत नाही. जखमी डुक्कर रानात शिरलं की सकाळी कवळं तोडायला जाणाऱ्या बायकांच्या अंगावर येणार. मुंबईचे पाहुणे यायचे, त्यांना ही बंदूक म्हणजे गंमत वाटायची. लांबच्या माडावरचा नारळ पाडून दाखवा म्हणायचे. आजोबा हसून पान लावायला घ्यायचे.

भरण्याचा विधी सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. पहिल्यांदा चिवारीचा गज नळीत टाकून बघायचा. मग बांबूच्या कांडीच्या मापाने दारू. शिंगातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली, तर हातातलं शिंगच भडकायचं. त्यावर काथ्याचा बोळा, गजाने ठासून. मग छर्रे, परत बोळा. बोळा दारूवर नीट टेकला पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळी तिथे फुटू शकते. सगळ्यात शेवटी, माळ्यावर बसल्यावर, केप. केपांची डबी आजोबांच्या कमरेला, घरात कधी नाही. पावसाळी हवेत घोडा पडायचा, केप फुटायची आणि बार व्हायचाच नाही. अशा वेळी नळी खाली शेताकडे धरून ते बराच वेळ तसेच बसायचे. उशिरा पेटणारी दारू माणसाच्या तोंडावर पेटते. सकाळी कढत पाण्याने नळी धुवून, पुसून, खोबरेल लावायचं. नाहीतर कोकणातली हवा आठवड्यात गंज चढवते.

१९६९ ची चतुर्थी. मुंबईहून आतेभाऊ आला होता. दुपारी घरची माणसं आरतीच्या गडबडीत दुसऱ्या घरी गेलेली. मी फुशारकी मारली की मला बंदूक भरता येते. भरलीसुद्धा. माप, बोळा, छर्रे, बोळा, सगळं अगदी आजोबांसारखं. केप काही मिळाली नाही. तेवढ्यात पडवीत पावलं वाजली, तशी बंदूक खुंटीवर चढवली आणि पळालो. रिकामी कशी करायची, हे मला येत नव्हतं.

रात्री जेवून आजोबा निघाले. मी पानं उचलत होतो. त्यांनी बंदूक उतरवली आणि सवयीने गज आत टाकला. रिकाम्या नळीत तो खुणेपर्यंत जायचा. आज खूण चार बोटं बाहेर राहिली. ती खूण कशाची ते मला त्या क्षणी कळलं.

"बंदूक कोणी भरल्यान?"

आतेभाऊ माझ्याकडे बघायला लागला.

"मी मारूचंय नाय. किती मापां घातलंस तां सांग."

"एक," मी म्हटलं. आवाज फुटत नव्हता.

त्यांनी बंदूक परत खुंटीवर ठेवली. कंदिलाजवळ ते ती खोलणार नव्हते. "आज डबो बडवया," एवढंच म्हणाले. रात्रभर आम्ही माळ्यावर पत्र्याचा डबा बडवत बसलो. डुकरांना डबा ठाऊक झालेला होता. पहाटेपर्यंत खालचा एक कुणगा गेला. वर्षाच्या भातातला तो कुणगा, आईने तो डिसेंबरात मापं मोजताना काढलाच.

सकाळी त्यांनी मला खळ्यात शेजारी बसवलं. नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाच्या टोकाला स्क्रू लावून बोळे ओढून काढले. काळं पाणी खळ्यात सांडलं. छर्रे मला वेचायला लावले. रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्यांनी गज न घालताच परत भरली असती तर? दुसरं माप पहिल्यावर, छर्ऱ्यांवर छर्रे. नळी कदाचित टिकलीही असती. पण आमच्याच वाडीत एकाने टिकत नाही ते दाखवलं होतं. परवान्याची बंदूक परवडेना म्हणून त्याने पाण्याच्या लोखंडी नळाची नळी बसवून घेतली होती. "नळ पाणी आणूक असता, बार सोसूक नाय," असं आजोबा त्याला म्हणाले होते. नळाला उभा सांधा असतो. त्यात कुणीतरी त्याला काडतुसातली दारू काढून आणून दिली. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस, ठासणीत ती घालायचीच नसते. सांधा उसवला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. पोलिसांच्या भीतीने तो दोन दिवस दवाखान्यात गेला नाही, म्हणून तिसरंही गेलं.

मला वाटायचं, आपण पोर होतो म्हणून चूक झाली. पुढे मुंबईत नोकरीला असताना अमेरिकेतल्या यादवीबद्दल वाचलं. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्या निघाल्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्या दोनदा. काहींत तर तीन ते दहा बार एकावर एक. गोंगाटात आपला बार झालाच नाही हे शिपायाला कळत नव्हतं, आणि तो ठासतच राहत होता. तालीम घेतलेले शिपाई होते ते. त्या रात्री मला खळ्यातलं काळं पाणी आठवलं.

१९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला आणि आजोबांच्या बंदुकीत छर्रे जायचे बंद झाले. नुसती दारू आणि काथ्या, आवाजापुरतं. गज मात्र रोज आत जायचाच. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. निवडणूक भाताच्या दिवसांत आली, की परत डबा. आजही गावात तेच गाऱ्हाणं ऐकू येतं, शिवाय आता माकडं आणि गवेही आहेत. तरणी पोरं विचारतात, गावठी बंदूक स्वस्तात मिळेल का. मी त्यांना त्या तीन बोटांबद्दल सांगतो. ऐकतात की नाही, देव जाणे.

आजोबा गेल्यावर वडिलांनी परवाना पुढे चालवला नाही, बंदूक ठाण्यात दिली. पावतीवर बंदूक, तिचा गज आणि पट्टा एवढीच नोंद होती. चिवारीचा गज घरीच राहिला. आगरात सोलं वाळत घातली की आई त्याने कावळे हाकलते.