सव्वा महिन्याची तारीख

फिलाडेल्फिया. ही बाळंतीण कल्पनेतली, म्हणून तिला नाव देत नाही. शरीरातलं घड्याळ मात्र खरं. कृष्णवर्णीय, पहिलटकरीण, रविवारी मुलगी झाली. शेवटच्या महिन्यात बीपी चढलं होतं.

मंगळवार, सकाळी 11. घरी सोडलं. बीपी 138/86. कागदांच्या चळतीत एक ओळ: दहा दिवसांत रक्तदाब तपासून घ्या. मोठ्या तपासणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची. आपल्याकडे साधारण तेवढाच सव्वा महिना बाळंतिणीच्या उशाशी कुणी ना कुणी बसलेलं असतं.

बुधवार, संध्याकाळी 6. आई जेवण घेऊन येते, नातीला न्हाऊ घालते. लेकीचे पाय सुजलेत. ‘बाळंतपणात होतंच.’

गुरुवार, रात्री 9. डोकं ठणकतंय. झोप नाही म्हणून असेल. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान रक्तदाब सर्वांत वर जातो, कारण अंगात साठलेलं मीठ-पाणी पुन्हा रक्तवाहिन्यांत उतरतं. म्हणजे बाई घरी परतल्यावर, डॉक्टरांच्या नजरेआड.

शुक्रवार, पहाटे 4. डोळ्यांपुढे काजवे. ती रुग्णालयात फोन करते. पलीकडचा आवाज शांत: विश्रांती घ्या, सोमवारी या.

इथे थोडं थांबतो. अमेरिकेत 2023 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 14.5. गरिबी, अडाणीपणा ही कारणं पुढे करणाऱ्यांनी शॅलन अर्व्हिंग आठवावी. सरकारी रोगनियंत्रण केंद्रातली साथरोगतज्ज्ञ, वय 36. जानेवारी 2017 मध्ये, बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यात, रक्तदाबाच्या गुंतागुंतीने गेली.

आणि फिलाडेल्फियातच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बीपी वाढलेल्या बाळंतिणींना बीपीचं यंत्र देऊन घरी पाठवलं. दिवसातून दोनदा मोबाइलवर संदेश येई, आकडा कळवा. दवाखान्यात बोलावलं तेव्हा दहा दिवसांत 33 टक्के कृष्णवर्णीय बायकांचं बीपी नोंदलं गेलं, इतरांचं 70. संदेशांवर 93 आणि 91. बेफिकीर म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जाई, त्या याच बायका. पण आकडा वाढला आणि फोनवर कुणी ऐकलं नाही, तर तिच्या बाजूने भांडणार कोण? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगात पुरुषांसाठी हा आधार केशकर्तनालयांनी दिला: न्हावी आग्रह धरत, औषधतज्ज्ञ दुकानात येऊन गोळी ठरवत. बाळंतिणीसाठी तीच जागा दूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी सहायिका, घेऊ शकते, चर्चमधली मावशी, आई. त्यांना आकडे शिकवावे लागतील, आणि त्यांचा फोन उचलावा लागेल.

आपल्या बाळंतिणीची प्रसूती त्या रुग्णालयात झाली नव्हती.

शुक्रवार, सकाळी 7. आता बीपी 172/112 आहे. कुणी मोजलेलं नाही. 160/110 च्या वर टिकलं तर तासाभरात औषध द्यायचं असतं.

8 वाजून 20. आई दार उघडते. बाळ रडतंय. लेक न्हाणीघराच्या फरशीवर, आकडी आलेली. आईला गेली कित्येक वर्षं बीपी आहे. तिचं यंत्र तीन गल्ल्यांपलीकडे, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. निघण्याआधी तिने स्वतःचं मोजलं होतं.