रेवस बंदर आणि बुडालेली 'रामदास'

१/ समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या इतवारीत 'रामदास' म्हटले की समर्थ आठवतात. कोकणातील जुन्या माणसांना मात्र एक आगबोट आठवते.

२/ रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले कोळ्यांचे बंदर. समोर मुंबई, पण जमिनीवरून जायचे तर पेण-पनवेलचा मोठा वळसा. त्यामुळे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चाकरमानी, व्यापारी आणि मासळी विकणाऱ्या बाया यांची भिस्त आगबोटीवरच असे.

३/ 'रामदास' ज्या देशी कंपनीची, तिचा उगम स्वदेशीच्या भावनेत होता. लोक तिला आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. १९२७ च्या नोव्हेंबरात तिच्या 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

४/ 'रामदास' १९३६ साली इंग्लंडमधील स्वान हंटर गोदीत बांधली गेली. 'टायटॅनिक'चे वाचलेले प्रवासी उचलणारी 'कार्पेथिया'ही याच गोदीतली.

५/ १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचे दिवस, गावी निघालेल्यांची गर्दी. सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली. वाटेत वादळी पावसाने गाठले. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने ती कलंडली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

६/ बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नव्हता. मदतीला आले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेले रेवसचे कोळी. मासळी समुद्रात लोटून त्यांनी होड्यांत माणसे घेतली. त्या दिवसाची कमाई गेली, अनेक जीव वाचले.

७/ पुढे २९ दिवसांत स्वातंत्र्य आले. त्या आनंदात आणि फाळणीच्या आकांतात ही दुर्घटना देशाच्या स्मरणातून निसटली. किनाऱ्यावरच्या घरांतून मात्र ती गेली नाही.

८/ नंतर या किनाऱ्यावर उद्योग आले. थळला खत कारखाना उभा राहिला. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल घेऊन बार्जेस रेवसवरून खाडीत शिरतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला प्रवासी आजही जलमार्गाने जातात. जुलैतला हा समुद्र काय करू शकतो, हे रेवसला सांगावे लागत नाही.