नाममुद्रा आणि नक्कल

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीतून आपले नाव उच्चारीत. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तिथल्या कारागिरांस गायिका कोण हे कळावे, ही त्यामागची सोय, असे सांगितले जाते. आम्हांस मात्र त्या उच्चारात एक जुनी रीत ऐकू येते. अभंगाच्या अखेरीस येणारी तुकोबांची नाममुद्रा, किंवा बंदिशीत गुंफलेले सदारंगांचे नाव, याच जातीचे आहे.

बेकायदा उतरवून घेतलेल्या संगीताची चर्चा सहसा नफातोट्याच्या अंगाने होते. आम्हांस ती या नाममुद्रेच्या अंगाने करावीशी वाटते. आपल्याकडे नक्कल करणे हे पाप कधीच नव्हते. संतांचे अभंग वह्यांतून वह्यांत उतरवले गेले म्हणूनच तगले. तुकोबांच्या नावावर प्रक्षिप्त रचनाही चढल्या. परंतु तेथेही नाव पुसले गेले नाही, उलट परक्या ओळींना त्या नावाचा आधार घ्यावा लागला. आता कोणी म्हणेल, ज्या समाजात उतरवून घेणे ही सेवा होती, तेथे डाउनलोडला चोरी का म्हणावे? हा युक्तिवाद आकर्षक खरा, पण अपुरा आहे. अभंगाची वही ही कोणाची रोजी नव्हती. ध्वनिमुद्रिका ही गायक, वादक, कवी आणि संगीतकार यांच्या उपजीविकेचा भाग आहे.

मात्र ती रोजी कलावंताच्या पदरात कितपत पडत होती, हे पाहू गेल्यास इतिहास फारसा गौरवास्पद दिसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रिकेवर हक्क दिला तो ती काढणाऱ्यास. गाणाऱ्यास स्वतंत्र हक्क नव्हता. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, मोहम्मद रफी यांना ती भूमिका पटली नाही, आणि काही वर्षे दोघांची युगुलगीते थांबली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच होय. त्याच निकालास जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गाणाऱ्याला या कायद्यात जागाच नाही, याबद्दल खंत नोंदवली. प्रयोगकर्त्या कलावंताचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले.

दरम्यान यंत्रे थांबली नव्हती. ऐंशीच्या दशकात कॅसेटने तबकडीची मक्तेदारी मोडली. अधिकृत कॅसेटच्या शेजारीच नकली कॅसेट विकली जाऊ लागली; आणि त्याच स्वस्त फितीवर प्रादेशिक लोकसंगीतही प्रथमच घरोघर पोचले. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात ही दुहेरी कथा सविस्तर आली आहे. जून १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर अवतरले. कंपन्यांच्या दाव्यापुढे जुलै २००१ मध्ये ते बंद पडले, पण मार्ग उघडला तो उघडलाच. आपल्याकडे तो मार्ग मोबाईलच्या दुकानातल्या संगणकापर्यंत आला. थोडके पैसे द्यावेत आणि मेमरी कार्ड भरून घ्यावे. आम्हीही ते भरून घेतले आहे. ‘कंपनी बुडते, कलावंताला असेही काय मिळते?’ ही सबब तेव्हा आमच्याही ओठांवर होती.

त्या सबबीत अर्धे सत्य होते, हे वर आलेच. परंतु कंपनीने कलावंतास नाडले म्हणून आपणही त्याला नाडावे, असा न्याय त्यातून निघत नाही. शिवाय आमच्या कार्डावरच्या फायलींची नावे काय होती? ‘ट्रॅक ०७’. कवी कोण, चाल कोणाची, तबल्यावर कोण होते, काहीच नाही. शतकापूर्वी यंत्रासमोर एका गायिकेने आपले नाव उच्चारले. आम्ही ते फुकट मिळवण्याच्या भरात पुसून टाकले. पैशाची चोरी मोजता तरी येते. ही चोरी मोजता येत नाही.

तरीही सर्व नकला एका मापाने मोजता येणार नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांची ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचे गाणे आपण बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्या गळ्यातून अंदाजतो. कोणी चोरून का होईना, त्यांचा आवाज टिपला असता, तर आज त्याला दोष देण्यास आपली जीभ रेटली असती काय? बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्या जपल्या त्या पुष्कळदा संग्राहकांनी. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही त्याचीच साक्ष. कायदाही काळाची मर्यादा मानतो: १९६४ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरील हक्क साठ वर्षांनी, २०२४ अखेर संपला, त्यातील शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो.

म्हणून आमचा विवेक असा : जे अन्यथा नष्ट होईल ते जपणे आणि जे विकत मिळते ते फुकट लाटणे, यांत अंतर आहे. हयात कलावंताची नवी ध्वनिमुद्रिका उचलणे त्याच्या ताटातले उचलणे आहे. खाजगी मैफलीची फीत तर गायकाच्या संमतीखेरीज पसरू नये. न जमलेली तानही त्याचीच असते. आणि जपलेल्या प्रत्येक नकलेवर नाव असावे. हस्तलिखिते उतरवणारे आपले पूर्वज एवढे तरी पाळत होते.