वाचनालयाकडून अभ्यासिकेकडे : नागपूरमधील मौन वाचनाच्या परंपरेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाचनसंस्कृती लोप पावत आहे, ही तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी व समाजमाध्यमे यांनी माणसाचे लक्ष हिरावून घेतले, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. ही तक्रार निराधार नाही. अमेरिकन विचारवंत नील पोस्टमन यांनी १९८५ मध्येच दूरचित्रवाणीमुळे सार्वजनिक विचारविनिमयाला करमणुकीचे रूप येत असल्याचा इशारा दिला होता. तथापि इतिहासाच्या अभ्यासकासमोर एक आधीचा प्रश्न उभा राहतो. जे लोप पावत आहे, ते मुळात केव्हा निर्माण झाले व कशाच्या आधारावर टिकले? नागपूर शहराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मौन व एकाग्र वाचन ही स्वाभाविक प्रवृत्ती नसून संस्थांनी घडविलेली सवय आहे आणि म्हणून तिच्या ऱ्हासाची कारणेही संस्थांच्या इतिहासात शोधली पाहिजेत, अशी या लेखाची मांडणी आहे.

श्रवणाकडून मौन वाचनाकडे

मुद्रणपूर्व काळात ग्रंथ हा बहुसंख्य लोकांसाठी ऐकण्याचा विषय होता. चातुर्मासात पोथी लावली जाई, एकजण वाची आणि इतर ऐकत. कीर्तन व पुराण यांतूनही ग्रंथ कानांवाटेच समाजापर्यंत पोहोचत असे. भोसलेकालीन नागपूरचा दप्तरव्यवहार मोडी लिपीत चाले. मोडीत दोन शब्दांमध्ये अंतर सोडण्याची पद्धत नव्हती. हस्तलिखित पोथ्यांतील मजकूरही बहुधा सलगच असे. युरोपातील वाचनाचे अभ्यासक पॉल सेंगर यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात, शब्दांमधील मोकळ्या जागेमुळे मौन वाचन सुलभ झाले, असे प्रतिपादन केले आहे. हा विचार मराठीला लावून पाहण्याजोगा आहे. शब्द सुटे करून छापलेले बालबोध लिपीतील स्वस्त पुस्तक हाती आल्यावरच सामान्य साक्षर माणसाला एकट्याने व मनातल्या मनात वाचणे सोयीचे झाले असावे.

संस्थांनी घडविलेला वाचक

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयाचा आरंभ १८२८ मध्ये रत्नागिरी येथे झाला. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले. कचेऱ्या, शाळा, न्यायालये व छापखाने यांच्या वाढीबरोबर येथे शिक्षित नोकरदारांचा वर्ग तयार झाला आणि नव्या वाचनाला आधार मिळाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कार्यासाठी स्थापिलेले ज्ञानकोश मंडळ प्रथम नागपूर येथेच उभे राहिले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच वर्षी अमरावती येथे स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ पुढे नागपूरला स्थिरावला. १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली 'तरुण भारत' हे दैनिक निघू लागले.

मात्र या वाचकवर्गाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ज्या काळाचा उल्लेख आपण वाचनाचा वैभवकाळ म्हणून करतो, त्या काळात समाजाच्या मोठ्या भागाला अक्षरज्ञानच नाकारलेले होते. नागपूर परिसरात किसन फागोजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलींसाठी शाळा काढली व १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' सुरू केली. सर्वांना सहज उपलब्ध असलेले वाचन आज कमी झाले, असे म्हणणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही. काहींना ते वारशाने मिळाले, तर काहींना झगडून मिळवावे लागले.

करमणुकीचे बदलते स्वरूप

करमणूक नागपूरला नवीन नव्हती. नाटक, तमाशा, दंढार व पुढे चित्रपट ही साधने होतीच. परंतु त्यांची वेळ व स्थळ ठरलेले असे. त्यासाठी घराबाहेर पडावे लागे व खेळ संपला की घरी परतावे लागे. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि करमणूक घरात आली. १९८२ मध्ये देशात रंगीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी 'सत्यकथा' हे मासिक बंद पडले. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे योग्य नाही, पण कालखंडाची खूण म्हणून त्या एकत्र स्मरणात राहतात. १९८७ मध्ये 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारची सकाळ तिच्या स्वाधीन झाली. तरीही मालिकेला ठरलेली वेळ होती. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट हातातील भ्रमणध्वनीवर आले आणि ही शेवटची मर्यादाही उरली नाही. पूर्वी करमणूक संपल्यावर जो रिकामा वेळ उरत असे, त्याच वेळात वाचन होत होते. आज तो वेळच उरत नाही.

अभ्यासिका : शांतता आहे, वाचक कोठे आहे?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये राज्यातील ग्रंथालयांना शासकीय मान्यता व अनुदानाची चौकट लाभली. त्यानंतरच्या काळातील एका बदलाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. आज शहरातील अनेक वाचनालयांत कथा-कादंबऱ्यांची देवघेव मंदावलेली दिसते, पण त्यांच्या अभ्यासिकेत जागा मिळणे कठीण असते. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे तरुण तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. तेथे संपूर्ण शांतता असते, एकाग्रताही असते. परंतु वाचले जाणारे पुस्तक वाचनालयाचे नसून विद्यार्थ्याने पिशवीतून आणलेले असते. परीक्षा संपली की हा वाचक निघून जातो आणि चार पावलांवरील कपाट न उघडलेलेच राहते.

यात तरुणांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोन खोल्यांच्या घरात, जेथे दूरचित्रवाणी सतत चालू असते, तेथे शांत बैठक मिळत नाही. टेबल, दिवा, पंखा व निवांतपणा यांसाठी ते दरमहा शुल्क भरतात. त्यांच्या ठिकाणी एकाग्रतेची शक्ती नाही, असे अभ्यासिका पाहणारा कोणीही म्हणणार नाही. ही शक्ती परीक्षेपलीकडे नेणारी वाट मात्र त्यांना दाखविली जात नाही.

दीक्षाभूमीवरील ग्रंथविक्री

या चित्राला छेद देणारे उदाहरणही नागपुरातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखो अनुयायी दीक्षाभूमीवर येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', संविधान, लहान पुस्तिका यांना तेथे मोठी मागणी असते. विकत घेतलेले प्रत्येक पुस्तक वाचलेच जाते, असा दावा करता येणार नाही. परंतु ग्रंथाचा आपल्या जगण्याशी संबंध आहे, ही जाणीव जेथे जिवंत आहे, तेथे भ्रमणध्वनीच्या युगातही ग्रंथाला स्थान आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. दीक्षाभूमीवर ही प्रेरणा कोणत्याही परिपत्रकाविना प्रत्यक्ष दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, मौन वाचनाची सवय सुटसुटीत मुद्रण, रिकामा वेळ, शांत जागा व वाचण्यामागील प्रयोजन या चार आधारांवर उभी होती. करमणुकीच्या विस्ताराने त्यांतील वेळेचा आधार काढून घेतला. जागेचा आधार अभ्यासिकेच्या रूपाने टिकला, पण तेथील प्रयोजन परीक्षेपुरते आकुंचित झाले. दीक्षाभूमीवर प्रयोजन आहे, परंतु तेथून ग्रंथ घेऊन जाणाऱ्याच्या गावी शांत जागा असेलच असे नाही. वाचनालयांनी अभ्यासिकेतील तरुणांकडे केवळ शुल्क देणारा म्हणून न पाहता भावी वाचक म्हणून पाहिले, त्यांच्या टेबलाशेजारी चरित्रे, इतिहास व ललित साहित्य यांचे एक खुले कपाट ठेवले, तर हे दोन आधार एकत्र येण्यास आरंभ होईल. महाविद्यालयीन ग्रंथालयांनाही हे सहज करता येण्यासारखे आहे.